भाषेच्या तासाला नाच आणि नाटक: प्राथमिक वर्गासाठी सुरुवात कशी करावी

मुलं नाचली, हसली, घामाघूम झाली आणि तास संपला. पण तोंडात किंवा वहीत नवं एकही वाक्य आलं नाही. नाच-नाटकाच्या तासाला हे वारंवार होतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ठरवलेली कृती भाषेवाचूनही पुरी होत होती. ‘झाड व्हा’ म्हटलं की मूल हात वर करून उभं राहतं. त्याला त्यासाठी ‘झाड’ एवढाच शब्द लागतो, आणि शेजाऱ्याकडे पाहिलं तर तोही लागत नाही.

म्हणून कुठलाही उपक्रम हाती घेण्याआधी स्वतःला विचारा: शिकवायच्या भाषेतलं अक्षरही न कळणारं मूल नुसतं इतरांकडे बघून हे निभावून नेईल का? नेत असेल तर उपक्रम बदला. ‘वाऱ्याने डावीकडे झुकलेलं, दोनच फांद्या उरलेलं म्हातारं झाड व्हा’ म्हटलं की मुलांना कान द्यावाच लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच कसोटीवर उभ्या आहेत. त्या पहिली ते पाचवीचे वर्ग, ३० ते ४० मुलं आणि साधारण ४० मिनिटांचा तास धरून लिहिल्या आहेत. तुम्हाला नाचता किंवा अभिनय करता यायची गरज नाही. सूचना नेमक्या देता यायला हव्यात.

आधी वाक्य, मग कृती

कागदावर एक ओळ लिहा: ‘तास संपल्यावर मुलं … असं म्हणू शकतील.’ गाळलेल्या जागी एक तर ६ ते ८ नवे शब्द येतील, नाही तर एक वाक्यरचना. दोन्ही एका तासात कोंबू नका. नवे शब्द आणि नवी रचना एकाच वेळी आली, की मुलं दोन्ही सोडून फक्त हावभावांवर निभावतात.

सगळंच काही अंगाने शिकवता येत नाही. क्रियापदं, दिशा, ‘कसं’ या प्रश्नाचं उत्तर देणारे शब्द यांना हालचाल मानवते. विनंती, सबब, तक्रार, समजूत घालणं, आपली बाजू मांडणं हे नाटकाचं काम. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम मात्र फळ्यावरच ठेवा. त्यांच्यावर नाच बसवण्यात तास जातो आणि हाती फारसं काही लागत नाही.

जागा आणि थांबण्याची खूण

बाकं हलवता येत असतील तर भिंतीला लावा. मुलांना या सरकवासरकवीची सवय होईपर्यंत पहिले काही तास त्यात ५ मिनिटं जातील, ती हिशेबात धरा. बाकं हलत नसतील तर जागेवरच उभं राहून करता येतील अशा कृती निवडा. कमरेच्या वरच्या हालचालींतूनही पुष्कळ काही शिकवता येतं. मोठं सभागृह मिळालं म्हणून खूश होऊ नका. तिथे आवाज घुमतो, मागच्या मुलांना सूचना कळत नाहीत आणि मोकळी जागा दिसली की मुलं धावतात. वर्गखोलीच बरी.

पहिल्या दिवशी भाषा शिकवूच नका, थांबायला शिकवा. खूण दोन प्रकारची हवी: ऐकू येणारी (तीन टाळ्या किंवा डफावर एक थाप) आणि दिसणारी (तुमचा वर गेलेला हात). ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याला दुसरी लागते, आणि गलक्यात ती सगळ्यांनाच लागते. ‘चाला… थांबा’ हे दहाएक वेळा करा, दर वेळी थांबण्याचा काळ थोडा वाढवत न्या. खुणेनंतर दोन सेकंदांत सगळा वर्ग स्तब्ध होईपर्यंत पुढची पायरी घेऊ नका. या कामाला दोन दिवस लागले तरी चालेल. नाच-नाटकाचे फसलेले तास नीट पाहिले, तर निम्म्याहून अधिक ठिकाणी ही खूणच कच्ची सापडते.

पहिला टप्पा: ऐका आणि करा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात सूचना ऐकून अंगाने प्रतिसाद देण्याची पद्धत मांडली. मुलाला आधी समजू द्यायचं आणि बोलण्याची घाई करायची नाही, हा तिचा गाभा. आजही सुरुवातीसाठी तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. क्रम असा ठेवा:

१. तुम्ही सूचना म्हणा आणि स्वतः करून दाखवा. मुलं बघतील.
२. तुम्ही म्हणा, तुम्ही आणि मुलं मिळून करा.
३. तुम्ही फक्त म्हणा, हात मागे बांधून. मुलं करतील.
४. सूचनांचा क्रम बदला.
५. मुलांनी कधी न ऐकलेली जोडणी करा: ‘दाराकडे बघ आणि कोपराला हात लाव’, ‘दप्तर उचल, पण उघडू नकोस’.

खरी परीक्षा तिसऱ्या पायरीपासून सुरू होते, आणि नवखा शिक्षक नेमका इथेच फसतो. त्याचे ओठ ‘कोपर’ म्हणतात आणि डोळे कोपराकडे जातात. मुलं डोळ्यांवरून ओळखतात. मुलंही एकमेकांची नक्कल करतात. सूचनेनंतर दोन-तीन मुलांचा हात लगेच उठला आणि बाकीच्यांचा क्षणभराने लाटेसारखा आला, तर समजलेली मुलं तेवढीच दोन-तीन. यावर साधा इलाज आहे. जागेवरच्या चार सूचना डोळे मिटून करायला सांगा. कोणाला काय कळलंय ते अर्ध्या मिनिटात दिसतं.

हे झालं की सूचना देण्याचं काम मुलांकडे द्या. इथून बोलणं सुरू होतं. एकाने सूचना द्यायची, बाकीच्यांनी करायची. जे मूल अजून बोलायला तयार नाही, त्याला करणाऱ्यांतच राहू द्या. मूल गप्प आहे म्हणजे शिकत नाही, असं नसतं.

करून शिकलेलं टिकतं का, हा प्रश्न पालक विचारतातच. ‘चमचा ढवळ’, ‘कागद दुमड’ अशी वाक्यं नुसती ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष करून पाहिली तर जास्त आठवतात, हे १९८० च्या दशकापासून मानसशास्त्रातल्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मात्र ही कृती अर्थाशी जुळलेली हवी. प्रत्येक शब्दाला उगाच एक उडी मारली तर व्यायाम होईल इतकंच.

दुसरा टप्पा: नाचाचं वाक्य

नाच म्हणजे बसवलेलं गाणं, ही समजूत इथे बाजूला ठेवावी लागते. शिक्षकाने बसवलेल्या नाचात मुलं पावलं मोजतात, शब्द त्यांना ऐकूही येत नाहीत. शिवाय गाण्याचे शब्द तुमच्या शब्दांवर कुरघोडी करतात. म्हणून शब्द असलेलं गाणं नको. डफ, खंजिरी किंवा बाकावर बोटांचा ठेका पुरे.

हालचालीचा विचार कसा करायचा, याची सोपी चौकट रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्य-अभ्यासकाने दिली आहे. हालचालीत वजन, वेळ, जागा आणि ओघ या चार गोष्टी बदलतात. ती जड की हलकी, अचानक की सावकाश, सरळ रोखाने की भिरभिरत, आवरून धरलेली की मोकळी, हे पाहायचं. मराठीत या प्रत्येकासाठी शब्दांची चंगळ आहे. धपकन, अलगद, झर्रकन, रेंगाळत, थेट, भिरभिर, दबकत, सैरावैरा. पाठ्यपुस्तकात हे शब्द मुलं वाचून पुढे जातात. अंगात आले की दोन शब्दांमधला फरक कळतो. ‘दबकत’ आणि ‘हळू’ यांच्यातला फरक शब्दांनी समजावायला गेलात तर पाच मिनिटं जातील. दोन्ही चालून दाखवायला सांगा: ‘दबकत’ चालणारा कोणाला तरी चुकवत असतो.

आता चौघाचौघांचे गट करा. प्रत्येक गटाला तीन चिठ्ठ्या द्या, प्रत्येकीवर एक क्रियापद आणि एक ‘कसं’ सांगणारा शब्द: ‘दबकत चालणे’, ‘झर्रकन वळणे’, ‘अलगद बसणे’. गटाने यांचा एक क्रम लावायचा. प्रत्येक हालचालीला आठ मात्रा. स्वल्पविराम असेल तिथे दोन मात्रा थांबायचं, पूर्णविरामाला चार. बसवायला ६ मिनिटं द्या, जास्त नाही. दहा दिली तर उरलेल्या चार मिनिटांत भांडणं होतात.

यानंतरची पायरी सहसा गाळली जाते, आणि भाषेचा तास तीच ठरवते. एक गट नाचतो, तेव्हा बघणाऱ्या गटाने ते ‘वाचून’ पूर्ण वाक्य म्हणायचं: ‘ते दबकत चालले, झर्रकन वळले आणि अलगद बसले.’ वाक्य चिठ्ठ्यांशी जुळलं नाही तर दोष कुठे आहे, याची चर्चा होते. नाचणाऱ्यांनी ‘अलगद’ नीट दाखवलं नाही, की बघणाऱ्यांना शब्द आठवला नाही? ही दोन-तीन मिनिटांची हुज्जत म्हणजे तासाची खरी कमाई. ती आवरती घेऊ नका.

याच खेळात व्याकरणही आपोआप येतं. टेबलावर डबा, वही आणि पुस्तक ठेवा. एक मूल ठेक्यावर येऊन एक वस्तू उचलतं, वर्ग म्हणतो: ‘तिने डबा उचलला’, ‘तिने वही उचलली’, ‘तिने पुस्तक उचललं’. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं. उचलणारा मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. मग ‘धावणे’ घ्या. तिथे उलट होतं. मुलगी स्वतः ‘मी धावले’ म्हणते, वर्ग तिच्याबद्दल ‘ती धावली’ म्हणतो, आणि मुलगा ‘मी धावलो’. घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं हमखास इथे अडखळतात. वीस वेळा लिहून काढण्यापेक्षा वस्तू बदलत वीसदा उचलणं त्यांना सोपं जातं. दोन्ही प्रकारची क्रियापदं एकाच तासात मात्र घेऊ नका.

टाळ्यांच्या खेळात एक खड्डा आहे. ‘घर’ बोलताना एकच ठोका पडतो, ‘कमळ’ला दोन (क-मळ), लिहिताना मात्र अनुक्रमे दोन आणि तीन अक्षरं. शिक्षक ‘क-म-ळ’ अशा तीन टाळ्या वाजवायला लावतात, मुलांच्या कानाला दोनच ऐकू येतात आणि गोंधळ सुरू होतो. बोलण्याचा ठोका टाळीने दाखवा, लिहिण्याचं अक्षर बोटाने मोजा. दोन्हींना वेगळी कृती ठेवली की गोंधळ होत नाही.

तिसरा टप्पा: गोष्टीत शिरणं

नाटक म्हटलं की संहिता, पाठांतर आणि पोशाख डोळ्यांसमोर येतात. वर्गातल्या रोजच्या कामासाठी यातलं काही नको. हवी ती १५०–२०० शब्दांची गोष्ट, जिच्यात कोणाला तरी काही हवं आहे आणि कोणीतरी किंवा काहीतरी आडवं येतं. गोष्ट मध्येच, अडचण ऐन रंगात आली की थांबवा. शेवट सांगून टाकलात तर मुलांकडे बोलण्यासारखं काही उरत नाही.

स्थिरचित्र. चौघांच्या गटाने गोष्टीतला एक क्षण पुतळ्यांसारखा उभा करायचा. तयारीला ३ मिनिटं, दाखवताना दहा आकडे स्तब्ध. बघणारे आधी फक्त दिसतं ते सांगतील (‘एक मुलगी वाकली आहे’), मग अंदाज (‘ती काहीतरी शोधत असेल’). दिसणं आणि अंदाज यांची भाषा वेगळी असते. दोन्हींची वाक्यं फळ्यावर दोन रकान्यांत लिहा.

मनातलं वाक्य. एकेका पुतळ्याच्या मागे जाऊन उभे राहा. तुम्ही मागे आलात की त्याने त्या पात्राच्या मनातलं एक वाक्य बोलायचं. खांद्याला हात लावण्याची गरज नाही, काही मुलांना ते नकोसं वाटतं. शब्द न सुचणाऱ्यांसाठी फळ्यावर वाक्यांची सुरुवात लिहून ठेवा: ‘मला भीती वाटते की…’, ‘जर ती आली नाही तर…’, ‘मला खरं तर…’. ‘पास’ म्हणण्याची मुभा असू द्या, पण फेरीच्या शेवटी त्या मुलाकडे एकदा परत या. तोवर इतरांची वाक्यं ऐकून बहुतेकांना सुचलेलं असतं.

शिक्षक पात्र होतो. इंग्लंडमधल्या नाट्यशिक्षिका डोरोथी हेथकोट (१९२६–२०११) यांनी हे तंत्र फार प्रभावीपणे वापरलं. तुम्ही गोष्टीतलं एक पात्र व्हा. राजा, मुख्याध्यापक, पोलीस असा अधिकारी होऊ नका. मुलं एका शब्दात उत्तरं देतात. वाट चुकलेला, नीट ऐकू न येणारा, काहीच माहीत नसलेला माणूस व्हा. त्याला सगळं समजावून सांगावं लागतं, म्हणजे मुलांना पूर्ण वाक्यं बोलावीच लागतात. सुरुवातीलाच सांगा: ‘मी ही ओढणी खांद्यावर घेतली की मी तो वाटसरू. काढली की पुन्हा तुमची बाई’ किंवा सर. पहिलीतल्या मुलांना हा फरक असा उघड दाखवावाच लागतो. पहिल्यांदा ३ मिनिटांवर जाऊ नका. मुलांचं उत्तर अर्धवट आलं तर पात्रात राहूनच ‘म्हणजे? नदीच्या अलीकडे की पलीकडे?’ असं विचारा. ‘पूर्ण वाक्यात बोला’ म्हणालात की नाटक मोडलं.

लगेच लेखन. नाटक संपल्यावर त्याच दमात १० मिनिटं लिहायला द्या, पात्राच्या नावाने: पत्र, चिठ्ठी, रोजनिशीतल्या चार ओळी. दुसरी-तिसरीला तीन वाक्यं पुरेत. पहिलीच्या मुलांनी चित्र काढून खाली एक शब्द लिहिला तरी चालेल. हे उद्यावर ढकलू नका; मुलांच्या तोंडात आत्ता असलेली वाक्यं उद्या तिथे नसतात.

४० मिनिटांची वाटणी साधारण अशी बसते: खूण आणि अंग मोकळं करणं ५, नवे शब्द ८, गटकाम आणि दाखवणं १५, लेखन १०, उरलेली २ मिनिटं बाकं जागेवर. वेळ कमी पडली तर दाखवणं कमी करा, लेखन नको. दहाच्या दहा गटांनी दाखवायलाच हवं असं नाही. तीन गट आज, बाकीचे पुढच्या तासांना. दोन गटांनी एकमेकांनाच दाखवलं, तर सगळ्यांचं पाच मिनिटांत आटोपतं.

काय बिघडतं

प्रत्येक गोष्टीचा शेवट मारामारीत होतो. मुलांकडे भांडणाची भाषा नसते, हात असतात. नियम करा: घाव दिसणार नाही, फक्त घावाच्या आधीचा आणि नंतरचा क्षण दाखवायचा. मधली जागा मग शब्दांनी भरावी लागते.

तीनच मुलं बोलतात. गट तुम्हीच मोजून पाडा आणि बोलकी तीन-चार मुलं एकाच गटात टाका. ती एकमेकांशी झगडतील, पण इतर गटांत जागा मोकळी होते. मुख्य पात्र एकाकडेच ठेवू नका. प्रसंग बदलला की ते करणारं मूल बदललं पाहिजे.

बघणारे कंटाळून दंगा करतात. बघणाऱ्यांना काम दिलेलं नसतं, म्हणून. प्रत्येक वेळी एक प्रश्न द्या: ‘यात कोण खोटं बोलतंय?’, ‘कोणतं क्रियापद दिसलं?’

चुका लगेच सुधारल्या जातात. खेळ चालू असताना चूक अडवली तर पुढचं मूल बोलतच नाही. मूल म्हणालं, ‘मी वही उचललो’, तर तुम्ही सहज म्हणा, ‘अच्छा, तू वही उचललीस!’ आणि पुढे जा. सगळ्यांत जास्त ऐकू आलेल्या तीन चुका टिपून ठेवा, शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्या. तीनपेक्षा जास्त नकोत.

घरची भाषा वेगळी असणाऱ्या मुलांना गटात ठरवताना ती बोलू द्या, दाखवताना शिकायची भाषा. ठरवतानाही बंदी घातली, तर कल्पना सोप्या शब्दांपुरत्या आखडतात. एखादं पात्र घरच्या बोलीत बोललं तर ती चूक धरू नका. उलट तेच वाक्य वर्तमानपत्रात कसं छापलं जाईल, असं विचारा.

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला ‘निवेदक’ करून बाजूला बसवणं ही सर्रास दिसणारी पळवाट आहे. सूचनाच अशी द्या की पाय गृहीत धरले जाणार नाहीत: ‘उडी मारा’ऐवजी ‘अचानक वर जा’. कोणी हात उंचावेल, कोणी भुवया. ‘अचानक’ सगळ्यांनाच कळलेलं असेल.

शिकली का, ते पाहणं

सगळ्या वर्गाचं निरीक्षण एका तासात होत नाही. रोज पाच मुलं ठरवा. नावापुढे तीन रकाने: ऐकून बरोबर केलं, आधाराने म्हटलं, आपणहून म्हटलं. एक खूण पुरे. ४० मुलांची फेरी आठ तासांत पुरी होते. अभिनय किती छान झाला याला गुण देऊ नका, नाही तर लाजरी पण भाषा पक्की असलेली मुलं मागे पडतात.

आणि एक चाचणी आठवड्याने, हालचाल अजिबात न करता घ्या. तेच शब्द नव्या वाक्यात म्हणा, मुलं बाकावर बसून त्याचं चित्र काढतील किंवा उत्तर लिहितील. इथे जे शब्द गळतात ते पुढच्या तासाला चिठ्ठ्यांवर परत आणा, पण वेगळ्या क्रियापदांबरोबर: मागच्या वेळी ‘अलगद बसणे’ असेल तर आता ‘अलगद उचलणे’.